ओळख पटणे, ओळख ठेवणे, ओळख देणे : संगणकसमूहातील एका आज्ञावलीचे परीक्षण

संगणकाच्या आज्ञावलीचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे काय, अशी शंका या पत्रिकेच्या वाचकांना येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकालाही ती आली होती. परंतु ज्या आज्ञावलीविषयी येथे लिहावयाचे आहे तिचा निम्मा भाग प्रश्नोत्तरांचा आहे. एक यंत्र प्रश्न विचारते, त्याचे उत्तर माणसाने द्यावे अशी अपेक्षा असते, आणि आज्ञावली माणसाच्या जागी बसून ते उत्तर देते. प्रश्न कोणाला विचारला होता आणि उत्तर कोणी दिले, हा विचार भाषाव्यवहाराच्या अभ्यासात परका मानता येणार नाही.

ही आज्ञावली कोणा एकाची कृती नव्हे. लोकगीताप्रमाणे तिची अनेक पाठांतरे प्रचारात आहेत. कर्ता अज्ञात, ओळी वीस-पंचवीसपासून शंभरापर्यंत, आणि प्रत्येक प्रतीत कोणीतरी केलेली थोडीफार भर. तिचे कार्य एवढेच की संगणकसमूहातील प्रत्येक यंत्राला दुसऱ्या प्रत्येक यंत्रात परवलीचा शब्द न विचारता प्रवेश मिळावा. आठ यंत्रांचा समूह असेल तर असे ५६ एकमार्गी संबंध जुळवावे लागतात आणि शंभर यंत्रे असतील तर ९,९००. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व अनुसंधान संस्थेतील 'परम ब्रह्म' (२०१९) किंवा तेथीलच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'अर्क' (२०२४) यांसारख्या महासंगणकांत हे काम हातांनी करण्याची कल्पनाच हास्यास्पद ठरेल. स्वयंचलनाला माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. कोणती क्रिया स्वयंचलित होऊ शकते आणि कोणती होऊ शकत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे भाग आहे. जुन्या युनिक्स यंत्रांत विश्वासाची व्यवस्था भाबडी होती. 'अमुक यंत्रावरून येणाऱ्यास विचारपूस न करता आत घ्यावे' अशी नोंद एका फाईलीत केली की काम भागे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'किडा' ज्या मार्गांनी पसरला त्यांत हीही एक वाट होती. पुढे १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेल्यावर तातू युल्योनेन यांनी 'एसएसएच' ही पद्धती रचली, आणि १९९९ पासून तिचे 'ओपनएसएसएच' हे मुक्त रूप प्रचलित झाले. तिच्यात प्रत्येक पक्षाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. एक किल्ली जगजाहीर, दुसरी खाजगी. खाजगी किल्ली आपल्याजवळ आहे हे ती उघड न करता सिद्ध करता येते, यात या पद्धतीचे मर्म आहे.

यात एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. ओळख दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. माणूस कोण आहे हे यंत्राने पाहावे हे सर्वांना कळते. परंतु यंत्र तेच आहे ना, हे माणसाने आधी पाहावे लागते. म्हणून पहिल्या भेटीच्या वेळी एसएसएच थांबते आणि सांगते की या यंत्राच्या खरेपणाची खात्री करता आलेली नाही. त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे. तरीही पुढे जावयाचे आहे काय? हा ठसा सामान्यतः ४३ अक्षरांचा असतो, आणि तो खरा आहे की नाही हे दुसऱ्या कोणत्या तरी विश्वासार्ह मार्गाने ताडून पाहावे, अशी त्या प्रश्नामागील अपेक्षा असते. रचनाकारांची एक दक्षता ध्यानात घेण्यासारखी आहे. होकाराचे केवळ आद्याक्षर येथे चालत नाही. संपूर्ण 'येस' हा शब्द टंकावा लागतो. माणसाने क्षणभर थबकावे म्हणून जाणूनबुजून घातलेली ही अडचण आहे.

आता परिभाषेकडे वळू. ऑथेंटिकेशन या संज्ञेसाठी मराठीत 'प्रमाणीकरण' हा शब्द बराच रुळला आहे. भाषाशास्त्राच्या वर्गात मात्र त्याने घोटाळा होतो, कारण बोलींमधून प्रमाणभाषा घडण्याच्या प्रक्रियेलाही आपण प्रमाणीकरणच म्हणतो. तो घोटाळा सहन करता येईल. माझी खरी तक्रार अशी की 'प्रमाणीकरण' हे एकच भाववाचक नाम तीन भिन्न क्रियांवर पांघरूण घालते, आणि त्या तिन्ही क्रिया आपल्या रोजच्या बोलण्यात स्वच्छपणे वेगळ्या आहेत. त्या म्हणजे ओळख पटणे, ओळख ठेवणे आणि ओळख देणे.

यांपैकी 'पटणे' हे क्रियापद विलक्षण आहे. 'मला त्याची ओळख पटली' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. तो चतुर्थीत उभा असलेला अनुभवी आहे. भूक लागते, आठवण येते, तशी ओळख पटते. म्हणून त्याची आज्ञा करता येत नाही. 'ओळख ठेव' असे आपण सहज म्हणतो, 'बँकेत माझी ओळख दे' असेही म्हणतो. परंतु 'ओळख पट' असे कोणी कोणाला म्हणत नाही. प्रयोजक रूप घेऊन 'तुझी ओळख पटव' असे समोरच्याला सांगता येते, आणि एसएसएच समोरच्या यंत्राला तेच सांगत असते. पण पटविणाऱ्याने पटविले तरी पटून घेणाऱ्याला ती पटली की नाही, हा प्रश्न उरतोच. 'ओळख ठेवणे' म्हणजे पूर्वपरिचयाची जाण राखणे. एसएसएचची परिचित यंत्रांची वही हेच करते. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर ही वही केवळ प्रत्यभिज्ञा देते. 'तोच हा' एवढे ती सांगते; पहिल्या भेटीतील 'तो' कोण होता याविषयी ती मौन पाळते. 'ओळख देणे' यात तिसरा पक्ष येतो. पूर्वी बँकेत खाते उघडावयाचे तर जुन्या खातेदाराने ओळख द्यावी लागे. त्याची सही हे आप्तवाक्य असे, आणि पुढे काही निघाले तर त्याच्याकडे विचारणा होई.

आज्ञावली या शब्दाची फोड 'आज्ञांची आवली' अशी होते. तिच्यातील प्रत्येक ओळ आज्ञार्थी असते. तेव्हा जिची आज्ञा करता येत नाही ती क्रिया तिच्यात बसणार कशी? परीक्षणाधीन आज्ञावलीच्या विविध पाठांनी या प्रश्नाला जी उत्तरे शोधली आहेत ती पाहण्यासारखी आहेत.

एका पाठात 'एक्स्पेक्ट' या साधनाचा उपयोग केलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डॉन लीब्स यांनी १९९० च्या सुमारास ते प्रसिद्ध केले. माणसाशीच बोलण्याचा आग्रह धरणाऱ्या कार्यक्रमांना ते एक कृत्रिम पडदा व कळफलक पुरविते. समोर माणूस बसला आहे अशी त्यांची समजूत होते. साधन म्हणून ते कुशल आहे, आणि परीक्षण-चाचणीच्या कामी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. येथे मात्र माणसाने थबकावे म्हणून जो पूर्ण शब्द मागितला होता तो पूर्ण शब्दच यंत्र न थबकता पुरविते. दुसऱ्या पाठात सर्व यंत्रांना आधीच हाक मारून त्यांच्या जगजाहीर किल्ल्या गोळा केल्या जातात आणि वहीत भरल्या जातात. या किल्ल्या गोळा करणाऱ्या साधनाच्या माहितीपत्रकातच इशारा आहे की पडताळणी न करता अशी वही तयार केल्यास मध्येच कोणी तोतया उभा राहण्याचा धोका कायम राहतो. आज्ञावली उतरवून घेणाऱ्यांनी ते माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचले असावे असे दिसत नाही. तिसरा पाठ सर्वांत उघड. त्यात कडक तपासणी बंद करण्याची आज्ञा असते, आणि जोडीला परिचयाची वही युनिक्समधील त्या प्रसिद्ध शून्य-फाईलीत टाकलेली असते, जेथे लिहिलेले काहीच उरत नाही. येथे ओळख पटत नाही, आणि ठेवलीही जात नाही. प्रत्येक भेट पहिलीच, आणि प्रत्येक भेटीत होकार.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत कृतिरूप वचनांच्या वैगुण्यांचे दोन वर्ग केले आहेत. काही वचने फसतात, म्हणजे कृती घडतच नाही. अधिकार नसलेल्या माणसाने लावलेला विवाह हा विवाहच नव्हे. काही वचने पोकळ असतात. कृती घडते, परंतु तिच्यामागे असावयाचा भाव नसतो. पाळण्याचा इरादा नसताना दिलेले वचन हे वचनच असते, आणि म्हणूनच ते बाधते. आज्ञावलीचा 'येस' कोणत्या वर्गात पडतो? बोलणारा कोणी नाही म्हणून तो पहिल्या वर्गात घालावा असे प्रथम वाटते. परंतु तसे असते तर दार उघडले नसते. दार उघडते, नोंद होते, आणि पुढे कोणी चौकशी केली तर नोंदीत अमुक वापरकर्त्याने संमती दिली असेच दिसते. तेव्हा हा होकार पोकळ आहे, फसलेला नाही. कागद वाचून न दाखविता उठविलेल्या अंगठ्याशी त्याचे नाते आहे. अंगठा खरा असतो, आणि खरा असतो म्हणूनच अनर्थ होतो.

हे सारे तर्काने सुचले असते तर मी ते लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावांतून, म्हणजे भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, ब्रह्मनाळ या बाजूस, बोलीच्या अभ्यासासाठी ध्वनिमुद्रणे करण्याचे काम आम्ही काही वर्षे केले. निवेदकांपुढे संमतीपत्र वाचून दाखवावयाचे, समजले की नाही ते विचारावयाचे, मगच यंत्र सुरू करावयाचे, असा शिरस्ता होता. बोली मोकळी यावी म्हणून विषय त्यांचाच ठेवला जाई, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर विषय दुसरा कोणता असणार? घर कोणाचे पडले, मदत कोणाला मिळाली, यादीत नाव कोणाचे घुसले, बांधावरून भावाभावांत काय झाले, हे सगळे नावानिशी त्या मुद्रणांत आहे. भाषिक सामग्री म्हणून ते अमोल. आणि गावात फुटले तर निवेदकाला गावात राहणे अवघड व्हावे असेही त्यात पुष्कळ.

या मुद्रणांच्या ध्वनिविश्लेषणासाठी एका महाविद्यालयात आठ जुन्या संगणकांचा समूह उभारण्यात आला. आठही यंत्रांची तबकडी एकाच नमुन्यावरून उतरविलेली होती. वर सांगितलेल्या तिसऱ्या पाठाची आज्ञावली एकदा चालविली, आणि दर रात्री मुद्रणांची प्रत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. काही महिन्यांनी त्यांतील एक यंत्र दुरुस्तीसाठी गेले. त्याच सुमारास विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील एक संगणक बिघडला असता सोय म्हणून त्याच नमुन्यावरून त्याची तबकडी भरण्यात आली, आणि जाळ्याने त्याला दुरुस्तीला गेलेल्या यंत्राचा रिकामा झालेला पत्ता देऊन टाकला. आज्ञावलीने नेहमीप्रमाणे होकार दिला. अकरा रात्री आमची मुद्रणे प्रयोगशाळेतील त्या संगणकावर जात होती, जेथे दिवसभर कोणीही विद्यार्थी येऊन बसे.

कोणाचा दोष होता हे येथे महत्त्वाचे नाही. आज्ञावली उतरवून घेणाऱ्यांत मीही होतो. कडक तपासणी चालू ठेवली असती तर हे टळले असते, असे मी पहिले काही दिवस सर्वांना सांगत होतो. ते चुकीचे होते. तबकड्या एकाच नमुन्यावरून उतरविल्या असल्यामुळे सर्व यंत्रांच्या खाजगी किल्ल्याही एकच होत्या! वहीने पाहिले असते तरी तिला 'तोच हा' असेच दिसले असते. जुन्या मराठी दफ्तरांत शिक्का आणि मोर्तब यांचा जो कटाक्ष होता तो येथे आठवतो. मोर्तब पत्राच्या शेवटी उठे, तेथे लेखन संपले हे कळावे म्हणून. म्हणजे शिक्का उठविणे हा लिहिणाऱ्याच्या कामापासून वेगळा अधिकार होता. आम्ही प्रत्येक कोऱ्या कागदाबरोबर शिक्काही देऊन बसलो होतो. हा प्रमाद आमच्यापुरता नाही. नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जगभरच्या जाळ्यावरील किल्ल्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली तिच्यात असंख्य यंत्रे एकमेकांच्याच किल्ल्या वापरत असल्याचे आढळून आले. त्यापूर्वी १३ मे २००८ रोजी उघड झालेला डेबियनचा दोष तर याहून विचित्र होता. किल्ली घडविताना लागणारी यादृच्छिकता एका दुरुस्तीत कापली गेल्यामुळे, एका प्रकारच्या व एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ च संभवत. बाह्य विधी यथासांग, आणि आत जवळजवळ काही नाही.

मग करावे काय? ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून प्रमाणपत्रांची सोय आहे. समूहाची म्हणून एक स्वतंत्र किल्ली करावी. ती कोणत्याही घटकयंत्रावर ठेवू नये. प्रत्येक यंत्राने आपली जोडी प्रथम सुरू होताना स्वतः घडवावी, आणि तिच्या जगजाहीर अर्ध्यावर त्या स्वतंत्र किल्लीने सही करावी. इतर यंत्रांना मग एकाच सहीची ओळख ठेवावी लागते. वरच्या परिभाषेत सांगावयाचे तर ५६ ठिकाणी 'पटणे' टाळून खोटे 'पटले' म्हणण्याऐवजी आठ वेळा 'ओळख देणे' घडते, आणि ही क्रिया स्वभावतःच आज्ञार्थी असल्यामुळे तिचा पुढचा प्रसार खुशाल स्वयंचलित करावा. पटण्याची क्रिया नाहीशी होत नाही. ती एका जागी येते. सही करणाऱ्याने त्या यंत्रासमोर उभे राहून ठसा पाहावा एवढी. आठ यंत्रांसाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे. शंभर यंत्रांसाठी ते कंटाळवाणे आहे, हे मान्य. हजारांसाठी यंत्र बसविणाऱ्या व्यवस्थेवरच तो विश्वास टाकावा लागतो आणि प्रश्न एक पायरी मागे सरतो. लहान महाविद्यालयांत यासाठी माणूस नसतो असा आक्षेप मला घेतला जातो. माणूस नसतो हे खरे, परंतु आज्ञावली शोधून उतरवून घेण्याइतका तो असतो.

भाषेच्या दृष्टीने मला याहून उद्बोधक वाटते ती एप्रिल २०१९ मध्ये ओपनएसएसएचच्या ८.० या आवृत्तीत झालेली लहानशी सुधारणा. पहिल्या भेटीच्या प्रश्नाला आता 'येस' ऐवजी खुद्द ठसाच उत्तर म्हणून देता येतो. दुसरीकडून मिळविलेला ठसा तेथे ठेवावा. जुळला तर होकार, न जुळला तर नाही. प्रश्नाचे स्वरूपच येथे पालटले. 'होय-नाही'चा प्रश्न जाऊन माहिती मागणारा प्रश्न आला, आणि माहिती नसलेल्याला त्याचे उत्तर देताच येत नाही. पोकळ होकाराला जागा न ठेवणारी ही वाक्यरचना आहे. दुर्दैवाने जुना 'येस' अद्याप चालतो, आणि आज्ञावल्या त्याच वाटेने जातात. त्याआधी २०१७ साली आलेला 'नवे ते स्वीकारावे, बदललेले नाकारावे' हा पर्यायही पुष्कळांना पुरेसा वाटतो. तो तिसऱ्या पाठापेक्षा निश्चित बरा आहे. ओळख ठेवण्याचे काम तो प्रामाणिकपणे करतो. पहिल्या भेटीविषयी मात्र तोही निरुत्तर आहे.

या विवेचनाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. मे २०२० मध्ये एडिंबरो येथील 'आर्चर' या महासंगणकासह जर्मनी व स्वित्झर्लंडमधील अनेक संगणककेंद्रे एकापाठोपाठ बंद करावी लागली. तेथे तोतया यंत्राचा प्रश्न नव्हता. संशोधकांची प्रवेशाची साधने चोरीस गेली होती, आणि एकाच संशोधकाला अनेक केंद्रांत प्रवेश असल्यामुळे चोर एका समूहातून दुसऱ्यात चालत गेला. आर्चरच्या सर्व वापरकर्त्यांना परवलीचे शब्द व किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या. आपल्या आज्ञावलीचे सर्व पाठ खाजगी किल्लीला परवलीचा शब्द न लावताच ती घडवितात, कारण रात्री तो शब्द सांगावयास कोणी जागे नसते. ज्या सोयीसाठी किल्ली उघडी ठेवली जाते ती सोय चोरालाही मिळते. किल्लीची मुदत थोडकी ठेवणे आणि तिला एकच ठराविक काम करू देणे हे त्यावरचे उपाय आहेत. दोन्ही वापरात आणता येतात आणि दोन्ही बहुधा वापरले जात नाहीत.

आमच्या समूहाची रचना आम्ही वरील रीतीने पुन्हा केली. नव्या आज्ञावलीत एका ओळीवर ती थांबते आणि ठसा मागते. तो एका वहीत, यंत्राच्या क्रमांकासमोर, हाताने लिहून ठेवलेला आहे. प्रयोगशाळेतील संगणकावरील प्रती पुसून टाकल्या. त्यानंतर आम्ही ज्यांची मुद्रणे त्या अकरा रात्रींत गेली होती त्या निवेदकांकडे गेलो आणि काय झाले ते सांगितले. बहुतेकांनी चहा दिला. भिलवडीकडच्या एका वयस्क बाईंनी मात्र विचारले, "मग कुनी ऐकलं का ओ त्ये?" यंत्राच्या नोंदीत प्रत केव्हा आली हे होते, कोणी ती उघडली की नाही हे नव्हते. आम्हांला सांगता येत नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी आपले मुद्रण परत मागितले. ते संग्रहातून काढले आहे, आणि त्यातील क्रियापदरूपांचा आधार घेऊन याच पत्रिकेसाठी तयार केलेले माझे टिपणही मी मागे घेतले आहे.